वाचनालयात एलजीबीटीक्यू वाचकांसाठी जागा कशी करावी : नव्या ग्रंथपालांसाठी

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयातून एक फोन गेला. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी समोर होती आणि नेहमीप्रमाणे एकेका सभासदाला आठवण करून देणं चाललं होतं. एका घरी मुलगा नव्हता, वडिलांनी फोन उचलला. आमच्याकडून सवयीने पुस्तकाचं नाव सांगितलं गेलं. समलिंगी तरुणाच्या आयुष्यावरचं पुस्तक होतं ते. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः आले, पुस्तक टेबलावर ठेवलं, अनामत मागून घेतली आणि गेले. तो मुलगा त्यानंतर वाचनालयाची पायरी चढला नाही.

चूक आमची होती. त्या दिवसापासून मी हे काम वेगळ्या बाजूने बघायला लागले. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर वाचकांसाठी चार पुस्तकं मागवणं एका दुपारचं काम आहे. पण ते पुस्तक कपाटातून वाचकाच्या हातात आणि हातातून परत कपाटात जाईपर्यंत मध्ये कुणाची नजर आडवी येणार नाही, याची व्यवस्था लावायला आम्हाला दोन वर्षं लागली. तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहिते आहे. तालुक्याच्या किंवा गावातल्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना थोडा फेरफार करावा लागेल.

सुरुवातीलाच हाताशी हे असू द्या :

- दाखल नोंदवही आणि देवघेवीची सध्याची पद्धत (वही असो वा संगणक)
- सभासद अर्जाचा चालू नमुना
- एका पानाचं ग्रंथनिवड धोरण, नसेल तर त्याचा मसुदा
- पुस्तकाबद्दलच्या हरकतीसाठी कोरा अर्ज
- ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ यातल्या कलम ३ आणि कलम १८ ची छापील प्रत
- मदत क्रमांकांची छोटी कार्डं

१. आधी आपलीच कपाटं तपासा

खरेदीच्या यादीआधी शोधाची यादी करा. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम त्याच्या केंद्रस्थानी आहे. तेंडुलकरांचा संच असलेल्या जुन्या वाचनालयात ते बहुधा असतंच. आमच्याकडेही होतं, फक्त कुणाला माहीत नव्हतं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ची कादंबरीही सापडली, कारण ती कुणीतरी केवळ पुण्यातल्या घराची गोष्ट म्हणून मागवली होती.

हे सापडणं पुढे फार उपयोगी पडतं. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात कुणी म्हणालं की ‘हे नवीन खूळ आपल्याकडे कशाला’, तर दाखल नोंदवहीतली तारीख समोर ठेवता येते.

याच फेरीत दुसरं काम करा. देणगीत आलेल्या जुन्या पुस्तकांमध्ये लैंगिक ‘विकृती’, वशीकरणासारखे ‘उपाय’ आणि समलिंगी माणसाला बरं करण्याचे सल्ले देणारी पुस्तकं असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनेही तो आजार नसल्याचं जाहीर सांगितलं आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘कल बदलण्याचे उपचार’ हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही आरोग्याच्या कपाटात १९६५चं पुस्तक आजचं ज्ञान म्हणून उभं असतं. घाबरलेला सोळा वर्षांचा मुलगा नेमकं तेच उघडतो, कारण तिथेच त्याला शब्द सापडतो.

ही पुस्तकं जाळू-फाडू नका. कालबाह्य वैद्यकीय पुस्तकं रद्दबातल करण्याची जी रीत तुमच्याकडे आहे, त्याच रीतीने मंडळाच्या ठरावाने काढा. अभ्यासाच्या दृष्टीने एखादं ठेवायचं असेल तर इतिहास विभागात हलवा. आरोग्यात नको.

२. मंडळाचा ठराव करून घ्या

ग्रंथपालाने एकट्याच्या जबाबदारीवर हे काम करू नये. पुढे हरकत आली की सगळं ग्रंथपालावर ढकललं जातं. कार्यवाहांशी आधी बोला, मग बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘ग्रंथनिवड धोरण व वाचकांची गोपनीयता’ असा विषय घाला. ठरावात तीन गोष्टी पुरे आहेत : वाचनालय सर्व वाचकांना खुलं आहे आणि त्यात लिंगभाव वा लैंगिक कल यावरून भेद होणार नाही, कुणी काय वाचतं हे वाचनालय तिसऱ्या माणसाला सांगणार नाही, पुस्तकाबद्दलची हरकत लेखीच घेतली जाईल. सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात नोंद झाली की तुमच्या पायाखाली भक्कम जमीन असते.

बैठकीत कायद्याचं बोलाल तेव्हा नेमकं बोला. १५ एप्रिल २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातल्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०१९च्या अधिनियमातलं कलम ३ हे लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवा-सुविधा ट्रान्सजेंडर व्यक्तीला नाकारायला मनाई करतं, आणि कलम १८ खाली सार्वजनिक ठिकाणी प्रवेश अडवणं शिक्षेला पात्र आहे. वाचनालय त्यात येतं.

इथला सापळा : उत्साहात ‘आता तर लग्नंही कायदेशीर झाली’ असं म्हणू नका. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिलेली नाही. एक विधान चुकलं की बाकीच्या नऊ खऱ्या विधानांवरचाही विश्वास जातो.

एखादे ज्येष्ठ सदस्य संस्कृतीचा मुद्दा काढतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा र. धों. कर्व्यांची आठवण द्या. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले. खटला हरले. पण लोकांच्या मनातल्या प्रश्नाला ज्ञानाने उत्तर द्यायचं, ही आपल्याकडची जुनी बाजू आहे आणि वाचनालय त्याच बाजूला उभं असायला हवं. आमच्या मंडळात सगळ्यांत आधी विरोध करणारे गृहस्थ हे ऐकून गप्प झाले होते आणि पुढच्या बैठकीला त्यांनीच अनुमोदन दिलं.

३. देवघेव : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

तुमच्या काउंटरसमोर वाचक म्हणून उभे राहा आणि बघा, मागच्या वाचकाने काय नेलं ते दिसतं का. आमची वही उघडीच असायची. सही करायला वाकलं की वरच्या दहा ओळी वाचता यायच्या : नाव, पुस्तक, तारीख. छोट्या गावात एवढं खूप झालं.

आम्ही काय बदललं ते सांगते.

वहीत पुस्तकाचं नाव लिहिणं बंद केलं; फक्त दाखल क्रमांक लिहितो. संगणकावर देवघेव असेल तर पडद्याची दिशा बदला आणि जुन्या देवघेवीचा इतिहास कोणाच्या खात्यातून उघडतो ते तपासा. उमेदवारीला आलेल्या मुलाला तो दिसायची गरज नाही.

मुदतीची आठवण पुस्तकाचं नाव न घेता द्यायची. ‘आपल्याकडे वाचनालयाचं एक पुस्तक आहे, सवडीने आणून द्या’, एवढंच. पोस्टकार्ड पाठवत असाल तर विशेष जपा, ते घरात सगळे वाचतात. हा नियम सगळ्या पुस्तकांना लावा, काही निवडक पुस्तकांना नको. काही पुस्तकांनाच लावला तर नाव न सांगणं हाच इशारा होतो.

आपल्याकडे घरटी एक कार्ड असतं आणि पुस्तक बदलायला आई, काका, शेजारचा मुलगा, कोणीही येतं. म्हणून सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला वेगळं कार्ड घेण्याची मुभा आणि कमी वर्गणी ठेवा. ज्याला वेगळं कार्ड घेणंही शक्य नाही, त्याच्यासाठी वाचन कक्ष आहे. तिथे बसून वाचायला नोंद मागू नका. वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवायला सांगा, कपाटात आपण लावू. त्यामुळे कुठल्या कपाटापाशी कोण रेंगाळलं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

खाकी कव्हरांचा गठ्ठा काउंटरवर ठेवा. ‘पावसाळ्यात पुस्तक जपा’ अशी पाटी लावली की कुणीही कव्हर घालून नेतं. आमच्याकडे आजोबा ज्ञानेश्वरीला घालून नेतात आणि त्याच गठ्ठ्यातलं कव्हर दुसरं कुणी दुसऱ्या पुस्तकाला घालतं.

४. खरेदी

मराठीत पुस्तकं कमी आहेत, पण नाहीत असं नाही. वर सांगितलेल्या दोन्हींखेरीज लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन (शब्दांकन वैशाली रोडे), दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं, इथून सुरुवात करा. खिरे यांच्या एका कादंबरीचं नाव ‘पार्टनर’ आहे. मागणीपत्रावर लेखकाचं नाव ठळक लिहा, नाहीतर विक्रेता व. पु. काळे यांची ‘पार्टनर’ पाठवतो. आमच्याकडे असं दोनदा झालं.

फक्त दुःखाच्या गोष्टी घेऊ नका. ‘मित्राची गोष्ट’मधल्या मित्राचा, म्हणजे सुमित्रा या नायिकेचा, शेवट आत्महत्येत होतो. नाटक मोठं आहे, पण एखाद्या मुलीच्या हाती पहिलं आणि एकमेव पुस्तक तेच लागलं तर तिने काय समजायचं? जगणारी, नोकरी करणारी, चिडणारी, म्हातारी होणारी माणसं कपाटात दिसली पाहिजेत. पालकांसाठीही काही घ्या. आमच्याकडे विचारायला आलेल्यांत आया पुष्कळ आहेत. त्या स्वतःसाठी मागत नाहीत, ‘आमच्या ओळखीतल्या एकीसाठी’ मागतात. तसंच मानून पुस्तक द्या.

एका पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. कारण शेवटी सांगते.

५. वर्गीकरण आणि मांडणी

दशांश वर्गीकरण वापरत असाल तर लैंगिक कल आणि लिंगभाव यांची सामाजिक पुस्तकं ३०६.७६ च्या घरात बसतात : समलैंगिकता ३०६.७६६, ट्रान्सजेंडर ३०६.७६८. जुन्या नोंदी मात्र ६१६.८५८३ वर, म्हणजे वैद्यकशास्त्रातल्या विकारांत सापडतात, आणि कधी मानसशास्त्रात. त्या हलवा. क्रमांक ही कोरडी गोष्ट वाटते, पण एखाद्या माणसाचं आयुष्य आजारांच्या रांगेत लावायचं की समाजाच्या, हे तो क्रमांक ठरवतो. अमेरिकेत बार्बरा गिटिंग्ज तरुणपणी स्वतःबद्दल वाचायला ग्रंथालयात गेल्या, तर जिकडेतिकडे आजार आणि विकृती. त्या स्वतः ग्रंथपाल नव्हत्या, तरी पुढे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये १९७० साली सुरू झालेल्या गे ग्रंथपालांच्या गटाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

कादंबरी कादंबऱ्यांतच ठेवा, कविता कवितांत. आम्ही उत्साहाने इंद्रधनुषी पट्टी लावून वेगळं कपाट केलं होतं, दारासमोरच. तीन महिन्यांत त्या कपाटाजवळ कुणी थांबलं नाही. सगळं वाचनालय बघतंय म्हटल्यावर कोण थांबेल? पट्टी काढून पुस्तकं आपापल्या जागी लावली आणि विषयवार यादीचा एक कागद इतर दहा याद्यांसोबत (स्पर्धा परीक्षा, शेती, पाककला) स्टँडवर ठेवला. त्यानंतर पुस्तकं हलायला लागली. मोठ्या शहरात वेगळं कपाट चालत असेल. गावात आधी यादी, मग बघा.

संगणकीय तालिकेत शोधशब्द उदार मनाने घाला : समलिंगी, समलैंगिक, गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर, तृतीयपंथी, पारलिंगी, क्वीअर. वाचकाला जो शब्द माहीत असेल त्याने त्याला पुस्तक सापडलं पाहिजे.

६. काउंटरवरची भाषा

मराठी क्रियापद माणसाचं लिंग सांगून मोकळं होतं. पण आपल्याच भाषेत सोयही आहे. ‘तुम्ही’ म्हटलं की ‘आलात’, ‘घेतलंत’, ‘वाचता’ ही रूपं बाईला आणि पुरुषाला सारखीच. अडतं ते ‘ताई’, ‘दादा’, ‘साहेब’ इथे. ते आपल्या प्रेमाचं बोलणं आहे, पण समोरच्याकडे एकदा बघून आपण ते ठरवतो. नव्या वाचकाला ‘नमस्कार, कोणतं पुस्तक बघताय?’ एवढं पुरतं.

मग कान द्या. समोरची व्यक्ती ‘मी उद्या येते’ म्हणाली तर कार्डावर नाव काहीही असो, आपणही त्याच रूपात बोलायचं. सहकाऱ्याशी बोलताना ‘तो आला होता की ती’ असा घोळ हॉलभर ऐकू जातो. त्याऐवजी ‘४१२ क्रमांकाचं पुस्तक आलंय’ म्हणा. कोणता शब्द वापरावा कळत नसेल तर हळू आवाजात, एकदाच विचारा. ‘तृतीयपंथी’ हा शब्द सरकारी कागदांत रूढ आहे, पण तो सगळ्यांना आवडतोच असं नाही. कुणी स्वतःला अभिमानाने हिजडा म्हणत असेल, म्हणून आपण तो शब्द काउंटरवरून उच्चारायचा नसतो.

शिपाई, सहायक, संध्याकाळी बसणारा विद्यार्थी, सगळ्यांना हे सांगा. भाषण देऊ नका. प्रसंग द्या : साडी नेसलेली व्यक्ती आली, ओळखपत्रावर पुरुषाचं नाव आहे, काय कराल? दोन मुली कार्डासाठी राहायचा एकच पत्ता देतात, काय विचाराल आणि काय विचारणार नाही? सगळ्यांत जखम करणारी गोष्ट असते ती कोपऱ्यातलं हसू. त्यावर मी एकदाच समज देते, दुसऱ्यांदा कार्यवाहांकडे लेखी कळवते.

७. अर्ज आणि शौचालय

सभासद अर्जात लिंगाचा रकाना लागतोच का ते बघा. अहवालासाठी लागत असेल तर ‘स्त्री / पुरुष / अन्य / सांगायचं नाही’ असे पर्याय द्या. ‘कार्डावर हवं असलेलं नाव’ ही ओळ वाढवा. कागदपत्रावरचं नाव नोंदवहीत राहू दे. ‘वडिलांचे / पतीचे नाव’ काढून ‘संपर्कासाठी व्यक्ती (ऐच्छिक)’ लिहा. एकच खोलीचं, आतून कडी लागणारं शौचालय असेल तर दारावर नुसतं ‘शौचालय’ लिहा.

८. कार्यक्रम

पहिलाच कार्यक्रम ‘समलैंगिकता : शाप की वरदान’ अशा थाटाचा ठेवू नका. कुणाच्या असण्यावर परिसंवाद घेऊ नये. वाचक गटात एखाद्या कादंबरीतला उतारा अभिवाचनाला घ्या आणि गोष्टीवर बोलू द्या. मराठी भाषा गौरव दिन, वाचन प्रेरणा दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, हे आपले नेहमीचे दिवस आहेत, त्यांतच हे बसतं.

एलजीबीटीक्यू समाजातल्या व्यक्तीला वक्ता म्हणून बोलावलंत तर इतर वक्त्यांइतकंच मानधन आणि प्रवासखर्च द्या. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या आणि आधी तुम्ही वाचा. शस्त्रक्रिया, शरीर, ‘तुम्हाला कधी कळलं’ असल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा. स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला तर फक्त व्यासपीठाचा फोटो घेऊ द्या. श्रोत्यांचा एक फोटो छापून आला तर पुढच्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहतील, आणि त्याहून वाईट काहीतरी कुणाच्या घरी घडेल.

एकदा जमलं की जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात तुमचा ठराव आणि अर्जाचा नमुना मांडा. शेजारच्या वाचनालयाला तयार कागद मिळाला की ते लवकर करतात.

९. हरकत आली तर

येईल. बहुतेक वेळा तोंडी येते, संध्याकाळी, चारचौघांत. शांतपणे हरकतीचा अर्ज पुढे करा : पुस्तकाचं नाव, तुम्ही ते पूर्ण वाचलं आहे का, कोणत्या पानावर आक्षेप आहे, काय व्हावं असं वाटतं. बरेच जण अर्ज घरी नेतात आणि परत आणत नाहीत. आणला तर ग्रंथनिवड उपसमितीपुढे ठेवा आणि लेखी उत्तर द्या. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहील, हे धोरणात आधीच लिहिलेलं हवं. तात्पुरतं म्हणून ग्रंथपालाच्या कपाटात गेलेलं पुस्तक सहसा बाहेर येत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं दुसरं सूत्र म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. हरकत घेणाऱ्याला मी एवढंच सांगते की तुमच्या घरात काय वाचलं जावं हे तुम्ही ठरवा. गावातल्या दुसऱ्या वाचकाचं तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही.

१०. कुणी पुस्तकापलीकडचं काही मागायला आलं तर

कधी तरी कुणी काउंटर रिकामा होण्याची वाट बघतं आणि मग बोलतं. ऐका. सल्ला देऊ नका, आपण समुपदेशक नाही. ‘घरच्यांना सांगून टाक’ हे तर मुळीच म्हणू नका. घर कसं आहे ते त्या व्यक्तीला माहीत आहे, आपल्याला नाही. आणि परस्पर घरी कळवू नका. जिवाचं बरं-वाईट करण्याची भाषा निघाली तर तिला एकटं सोडू नका, शांत जागी बसवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावून द्या. अठरा वर्षांखालचं मूल संकटात असेल तर मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट यांनी या समाजासोबत काम केलं आहे. तुमच्या जवळपास कोण आहे ते आधीच शोधून, स्वतः बोलून, खात्री करून ठेवा. क्रमांकांची कार्डं बोटाएवढी छापा आणि शौचालयात, आरशाजवळ ठेवा. काउंटरवरची कार्डं तशीच पडून राहिली, तिथली दर महिन्याला संपतात.

११. वर्षअखेरचा हिशेब

मार्चमध्ये देवघेवीचे आकडे काढाल तेव्हा या पुस्तकांसमोर दोन-तीनच नोंदी दिसतील आणि कुणी म्हणेल, कुणी वाचत नाही. वाचन कक्षात टेबलावर सापडलेल्या पुस्तकांची रोज संध्याकाळी खूण करून ठेवत जा, तो आकडा वेगळा निघतो. आणि गहाळ प्रती मोजा. ‘कोबाल्ट ब्लू’ आमच्याकडून आतापर्यंत तीनदा गेली. एक प्रत सात महिन्यांनी पुस्तक परतीच्या पेटीत सापडली, नवीन खाकी कव्हर घातलेली. गहाळ पुस्तकांच्या यादीत ही नावं आली की मी मंडळापुढे त्यांची पुन्हा खरेदी ठेवते. म्हणूनच दोन प्रती म्हटलं. यंदाच्या मागणीपत्रात मी तिच्या तीन लिहिल्या आहेत.